गाडी किती देते

आमच्या मनीषनगरच्या गल्लीत कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की लोक तिचा रंग बघायच्या आधी विचारायचे, "किती देते?" एका लिटरमध्ये किती किलोमीटर, एवढाच त्याचा अर्थ. पण विचारणाऱ्याचा चेहरा स्थळ बघायला आलेल्या मामासारखा असायचा. आता गल्लीतल्या निम्म्या गाड्या चार्जिंगवर चालतात आणि तो प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. बरंच झालं. मला तो आजही ऐकवत नाही, कारण एका हिवाळ्यात त्या दोन शब्दांपायी आमचं घर फुटता फुटता राहिलं होतं.

माझे बाबा गुरांचे डॉक्टर. नोकरी पारशिवनीला, आणि आमच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड नागपुरात, म्हणजे रोजचं जाऊन-येऊन. त्यांची जुनी साधी मोटारसायकल पांदण रस्त्यांच्या चिखलात रुतायची आणि तिचं पोट दगडांवर घासायचं. एकदा तर अडलेल्या म्हशीपर्यंतची शेवटची वाट त्यांनी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत काढली होती. त्यानंतर त्यांनी ती उंच गाडी घेतली. कंपनीवाले तिला डुअल-स्पोर्ट म्हणत, म्हणजे डांबरावरही चालेल आणि ढेकळांतही. चोचीसारखा पुढे आलेला मडगार्ड, जाड खाचांचे टायर, आणि सीट अशी उंच की बाबांसारख्या बुटक्या माणसाला ती फाटकाच्या ओट्याशी लावूनच चढावं लागे. आई म्हणायची, "लग्नात घोड्यावर बसले नाई, आता बसून राहिले." तेव्हापासून आमच्या घरात त्या गाडीचं नाव घोडा पडलं. बाबांच्या बरोबरीचे लोक त्यांना हसायचे, या वयात पोरांची गाडी घेतली म्हणून. बाबा त्यांना एकच उत्तर द्यायचे, "पस्तीस देते." मग कुणी काही बोलायचं नाही.

घर आमचं लहानच. सकाळी आधी रेल्वेच्या फाटकावरची शिट्टी ऐकू यायची, मग आईच्या अगरबत्तीचा वास, आणि मग तिची वंदना. हॉलमधल्या शोकेसवर बुद्धाची पांढरी मूर्ती होती. आई तिच्यापुढे हात जोडून त्रिशरण, पंचशील म्हणायची आणि मागे उभे राहून दादा आणि मी अर्धवट झोपेत ओठ हलवायचो. दादा म्हणजे अमोल, माझा मोठा भाऊ, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी बारावी करून बीएस्सीला लागलेली, तोंडाची फाटकी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. संध्याकाळी घोड्याचा धडधडाट वळणावर ऐकू आला की आई तव्यावर भाकर टाकायची. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत ती फुगायची. सोबत अंबाडीची भाजी, कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. बाबांना शुगर होती, "थोडीशी" असं ते म्हणायचे, आणि गावातल्या गाई व्यायल्या की त्या थोडीशीवर पेढेही खायचे.

दिवाळीनंतर कधीतरी गाडीनं कमी द्यायला सुरुवात केली. बाबांची मोजायची पद्धत पक्की होती. टाकी काठोकाठ भरायची, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा, मग पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर मावलं ते बघायचं. पस्तीसची तीस झाली, तीसची सत्तावीस. पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. उलट बापलेकांना रविवारचा उद्योग मिळाला. दोघं ओट्यावर उकिडवे बसायचे, मध्ये गाडी, आणि मी चहा नेऊन द्यायची. दादा समजावून सांगायचा, "बाबा, हे टायर चिखलाचे आहेत. डांबरावर जास्त जोर लागते. त्यात तुम्ही हवा कमी ठेवता. त्यात तुमची पेटी मागं अशी आडवी, वारा अडवते." औषधांची ती पत्र्याची पेटी मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी कायमची बांधलेली असे, त्यामुळे त्या गाडीवर मागे बसायचा मान आमच्यापैकी कुणालाच मिळाला नव्हता. बाबा मान डोलवायचे. त्यांनी हवा वाढवली, पेटी उभी बांधली, चेन साफ करून तेल दिलं. एअर फिल्टर काढला तेव्हा पारशिवनी तालुक्यातली निम्मी माती त्यातून पडली आणि दोघंही खूष झाले, चोर सापडला म्हणून. पुढची टाकी पंचवीस आली.

मग गाडी मिस्त्रीकडे गेली. त्यानं इंजेक्टर साफ केला, प्लग बदलला, स्वतः चालवून आणली आणि म्हणाला, "सर, गाडी एकदम ओके आहे." मागच्या ब्रेकचे पॅड तेवढे संपले होते, ते त्यानं नवे टाकले. काही आठवड्यांनी तेही संपले. गिट्टीच्या रस्त्यावर घासतेच, असं तो म्हणाला, आणि आम्हालाही ते पटलं. पेट्रोल भरायचा पंप बदलून झाला. सरळ रस्ता टाळून दुसऱ्या रस्त्यानं जाऊन झालं. गाडी बावीसवर आली आणि रविवारचं ते ओट्यावर बसणं बंद झालं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? बाबांना विचारा. त्यांनी सगळ्यांच्या विरोधात जाऊन ती गाडी घेतली होती, आणि पस्तीस ही त्यांची एकुलती एक ढाल होती. आता कुणी "किती देते, डॉक्टरसाहेब?" विचारलं की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. घरी आले की गप्प. चपला घालताना चिडायचे, कारण उजव्या पायातली चप्पल सारखी निघून पडायची. एकदा तर ते एकच चप्पल घालून फाटकापर्यंत गेले, दुसरी हॉलमध्येच, आणि त्यांना पत्ताच नाही. आम्ही हसून लोटपोट झालो. बाबा हसले नाहीत. हल्ली ते झोपताना मोजेही काढत नसत, थंडी वाजते म्हणून. दोन्ही गोष्टी आमच्या डोळ्यांसमोर घडत होत्या, आणि आम्ही सगळे टाकीत वाकून बघत होतो.

एका संध्याकाळी बाबा दादाच्या खोलीतून हातात नळी घेऊन बाहेर आले. पारदर्शक, बोटाएवढी जाड, वेटोळं करून ठेवलेली. दादा हॉलमध्ये मोबाइल घेऊन बसला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात, हाताला भाकरीचं पीठ.

"हे काय होय गा?"

"नळी," दादा म्हणाला. "फिशटँकचं पाणी काढायची."

दादाच्या खोलीत काचेची पेटी होती आणि तिच्यात नारिंगी मासे होते. बाबांना हे माहीत होतं. त्या पेटीचा खर्च त्यांनीच केला होता. तरीही त्यांनी नळीचं टोक उचललं आणि नाकाशी नेलं. दादा उभा राहिला.

"बाबा, तुम्ही वास घेऊन राहिले?"

"पप्पूच्या गाडीत पेट्रोल कोण टाकते?" पप्पू हा दादाचा मित्र, लकडगंजचा. त्याच्याकडे एक जुनी बुलंद आवाजाची गाडी होती आणि ती पेट्रोल पाण्यासारखी प्यायची.

"त्याचा बाप टाकते. लाकडाचा धंदा आहे त्याहीचा, पेट्रोलले महाग नाई."

"मी मोजून राहिलो. किलोमीटर रोजचे तेवढेच. पेट्रोल जास्त. मिस्त्री म्हणते गाडीत दोष नाई. मंग पेट्रोल उडून जाते काय?"

"म्हणून मी चोर?"

"मी चोर म्हटलं नाई."

"मंग नळी नाकाले कायले लावली?"

मला वाटलं, आता बाबा हसतील, नळी सोफ्यावर टाकतील आणि "बरं बाप्पा" म्हणतील. त्यांनी नळी पुन्हा गुंडाळली, अगदी नीट, आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवली, सगळ्यांना दिसेल अशी. "वास तं नाई येत," ते म्हणाले, "पण धुतलेलीले वास राहात नाई." आई तशीच उभी होती. तिच्या हातावरचं पीठ वाळून पांढरं झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही कोनाले बोलून राहिले, काही समजते का?" त्या दिवशी भाकरी कुणीच खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आंघोळ करून, शर्ट-पँट घालून वंदनेला आला. नेहमी मागे भिंतीला टेकून उभा राहणारा तो आईच्या बरोबरीनं पुढे उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणू लागला. त्याचा आवाज एवढा भारदस्त आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिलं शील झालं. दुसरं आलं. दुसरं शील हेच, की जे आपल्याला दिलेलं नाही ते मी घेणार नाही. ते म्हणून दादा थांबला. आईही थांबली. दादानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा डायनिंग टेबलाशी चहाचा कप घेऊन बसले होते. त्यांच्याकडे बघत दादानं ते दुसरं शील पुन्हा एकदा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. बाबांचा कप हवेतच राहिला. मग दादानं मूर्तीला नमस्कार केला, दाराशी आधीच भरून ठेवलेली बॅग उचलली आणि निघून गेला. तो लकडगंजला पप्पूच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेल्याचं दुपारी आईच्या फोनवर कळलं. बाबांचा फोन त्यानं उचलला नसता, पण बाबांनी केलाही नाही.

दादा गेला, आणि टाकी भरली तेव्हा गाडीनं वीस दिले.

ही गोष्ट बाबांनी कुणाला सांगितली नाही. मी पंपावर सोबत होते म्हणून मला कळली. पंपवाल्यानं नळी काढली, बाबांनी मीटरकडे पाहिलं, मनात भागाकार केला, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. दादा घरात नव्हता, पप्पू फिरकत नव्हता, गाडीची चावी रात्री बाबांच्या उशाशी असायची. मी म्हटलं, "बाबा, आता तं दादा घरी नाई." ते म्हणाले, "बस मागं." मागे बसायला जागाच नव्हती, पेटी होती. मी माझ्या स्कूटीवर होते. ते विसरले होते.

ज्या घरात कुणी चुकलेलं असतं आणि चुकलो म्हणत नाही, त्या घरात राहणं फार कठीण. आईनं बाबांशी बोलणं जेवणापुरतं ठेवलं. माशांना खायला घालायचं काम माझ्याकडे आलं, पण पाणी बदलायला नळी लागते आणि त्या नळीला कुणी हात लावेना. ती खिळ्यावर लटकलेली. पेटीतलं पाणी आधी पिवळं झालं, मग हिरवं, आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आई येता-जाता त्या पेटीकडे बघायची आणि पदर तोंडाला लावायची. आता मला वाटतं की बाबांनी तेव्हा एक फोन केला असता तर दादा त्याच पावली परत आला असता. पण माझ्या बाबांना माफी मागता येत नव्हती. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालता यायचा, माफी तेवढी मागता येत नव्हती.

मी ठरवलं की चोर आपणच पकडायचा. घरी नाही, तर पेट्रोल पारशिवनीत कुणीतरी काढतंय. दवाखान्याच्या मागे गाडी दिवसभर उभी असते, तिथं बसून पाळत ठेवायची, आणि मग बाबांना घेऊन थेट लकडगंजला जायचं. कॉलेजला सुट्टी होती. मी म्हटलं, "मी येते आज तुमच्या मागंमागं स्कूटीवर. गाव पाहाचं आहे मले." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. "पुढं जाऊ नको माह्या," एवढंच म्हणाले.

डिसेंबरची सकाळ होती. कामठी रोडवर धुकं असं दाटलेलं की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. मी स्वेटर, वर दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळून, बाबांच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून चालले होते. गाडी सुरू असली की तो दिवा मंद जळत असतो, आणि ब्रेक दाबला की लखलखतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. शहरात सिग्नल, ऑटो, गतिरोधक, त्यामुळे तो लखलखला तर त्यात काही वाटण्यासारखं नव्हतं. कामठी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, आणि दिवा लखलखीतच राहिला. मला वाटलं बाबा थांबताहेत. मी ब्रेक दाबला. ते थांबले नाहीत. मी पुन्हा वेग घेतला, पुन्हा जवळ गेले, पुन्हा घाबरून ब्रेक दाबला. असं बऱ्याचदा झालं आणि मी बाबांवर जाम वैतागले. मग वाटलं, दिव्यातच बिघाड असेल. आणि मग दुपट्ट्यातूनही तो वास आला. तापलेल्या लोखंडाचा, करपट. हा वास मला ओळखीचा होता. बाबा रोज संध्याकाळी फाटकात गाडी लावायचे तेव्हा तो यायचा आणि आई म्हणायची, बाजूचे लोक कचरा जाळून राहिले.

मी जोरजोरात हॉर्न वाजवला. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे एक चहाची टपरी होती, तिच्यासमोर बाबांनी गाडी कडेला घेतली. इंजिन सुरूच. डावा पाय कसाबसा चवड्यावर जमिनीला टेकवलेला, उजवा गाडीवर.

"काहून वं? काय झालं?"

"बाबा, तुमचा ब्रेकचा दिवा सुरूच आहे. कामठीपासून."

"स्विच अडकला असंल. मी ब्रेकले पायबी लावला नाई."

मी स्कूटी स्टँडवर लावली आणि त्यांच्या उजव्या बाजूला आले. त्यांच्या बुटाचं टोक ब्रेकच्या पट्टीवर होतं. ठेवलेलं नाही, दाबलेलं. पट्टी चांगली खाली गेली होती.

"बाबा, पाय काढा."

"काढलाच आहे ना वं."

मला वाटलं ते माझी गंमत करताहेत. मी वर पाहिलं. ते गंमत करत नव्हते. ते समोर धुक्यात बघत होते, कुणी उगाच वेळ खातंय अशा कंटाळलेल्या चेहऱ्यानं. मी खाली बसले, दोन्ही हातांनी त्यांचा बूट धरला आणि वर उचलला. माझ्या स्कूटीच्या तोंडावर पडलेला लाल उजेड एकदम मंद झाला. मी हात सोडले. बूट ओल्या पोत्यासारखा खाली आला आणि उजेड पुन्हा लखलखला.

बाबांनी आरशातून तो उजेड पाहिला. "काय केलं तुनं?"

"तुमचा पाय उचलला."

"केव्हा?"

त्यांच्या त्या 'केव्हा'ची मला आजही भीती वाटते. इतक्या वर्षांत मी बरंच काही ऐकलं, दवाखान्यांत, स्मशानात, पण त्या एका शब्दासारखं पुन्हा काही ऐकलं नाही. बाबांनाही कळलं. त्यांनी इंजिन बंद केलं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते गाडीवरून उतरले आणि टपरीच्या बाकावर बसले. मी बाटलीतलं पाणी मागच्या चाकाच्या ब्रेकवर ओतलं, तर फस्स करून वाफ आली. एवढे दिवस त्या गाडीचं इंजिन ब्रेक लावलेलं चाक ओढत होतं. पेट्रोल कुणी चोरत नव्हतं. ते इथं जळत होतं, बाबांच्या बुटाखाली.

"बूट काढ," बाबा म्हणाले. मी नाडी सोडली, बूट ओढला. मोजा चवड्याखाली काळा पडला होता आणि पायाला चिकटला होता. तो सोलून काढला तेव्हा जो वास आला तो मी लिहीत नाही. तळव्यात बाभळीचा काटा होता. बुटाच्या तळातून आरपार गेलेला, मग मोडलेला, आणि भोवती जखम सडलेली. किती दिवसांचा होता कोण जाणे. माझा बाप त्या काट्यावर चालत होता, गोठ्यांतून फिरत होता, रात्री मोजे घालून झोपत होता, आणि त्याला पत्ता नव्हता. मी मोठ्यानं रडायला लागले. टपरीवाला धावत आला.

बाबा रडले नाहीत. "पेटीतून सुई दे," म्हणाले. मी दिली. त्यांनी पँट वर केली आणि स्वतःच्या पायाला सुईचं टोक लावू लागले, कुणा दुसऱ्याच्या जनावराचा पाय असावा तसे. अंगठा. "इथं नाई." चवडा. "इथं नाई." घोटा. "इथंबी नाई." नडगीच्या अर्ध्यावर ते थांबले. "इथं थोडं कळते." सुई त्यांनी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "शुगरनं नसा खाल्ल्या. बैलाचा पाय असता तं मी कधीच पाह्यला असता."

मग त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं आईला लावताहेत.

"अमोल," ते म्हणाले. पलीकडून फोन ठेवला गेला नाही. "मी बोलून राहिलो. कन्हानच्या पुलाजवळ आहो. मले गाडी चालवता येत नाई. तू ये."

पप्पूच्या त्या बुलंद गाडीचा आवाज धुक्यातून येईपर्यंत टपरीवाल्यानं बाबांपुढे ठेवलेला चहा गार झाला. दादा उतरला तो ताठ मानेनंच आला. काहीतरी बोलायचं ठरवून आला होता, ओठ घट्ट मिटलेले. मग त्याला तो पाय दिसला. तो मातीत बसला, माझा दुपट्टा ओढून घेतला आणि त्यात ते पाऊल गुंडाळलं, हळू, बाबांना दुखेल या भीतीनं. बाबांना काहीच कळत नव्हतं, तरी ते म्हणाले, "हळू बांध गा." दादानं चावी मागितली नाही, बाबांनीच ती त्याच्या तळहातावर ठेवली. पप्पूची गाडी टपरीवाल्याच्या भरवशावर राहिली. पेटी सोडून माझ्या स्कूटीवर ठेवली आणि बाबा पहिल्यांदा त्या गाडीवर मागे बसले, दोन्ही हातांनी लेकाच्या खांद्यांना धरून. दवाखान्यापर्यंत मी त्यांच्या मागे होते. लाल दिवा सारा रस्ता मंद जळत होता आणि गतिरोधक आला की तेवढ्यापुरता लखलखायचा. मी हेल्मेटच्या आत रडत होते.

बाबांच्या पायाची दोन बोटं गेली. आणखी काही आठवडे गेले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढे बाबा बरीच वर्षं जगले, आणि आई रोज सकाळी वंदना झाली की हातात छोटा आरसा घेऊन त्यांच्या पायाशी बसायची, तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं बघायची. तो आरसा आता माझ्याकडे आहे. शुगर मलाही आहे, आणि माझा नवरा रोज बघतो, मी कितीही नको म्हटलं तरी.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट बाबा दवाखान्यातून घरी आले त्या दुपारची. दादा त्यांना धरून आत घेऊन आला. तो परत राहायला आला आहे की नाही हे कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही सांगितलं नव्हतं, आणि त्याची बॅग अजून लकडगंजलाच होती. आई भाकरी थापायला लागली होती. बाबा पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गुड्डी, थे नळी दे." मी खिळ्यावरची नळी काढून दिली. "आता बादली आण. आणि माही खुर्ची अमोलच्या खोलीत ने." आम्हा कुणाला काही समजेना. बाबांनी नळीचं एक टोक त्या हिरव्या पाण्यात सोडलं. दुसरं टोक थोडा वेळ हातात धरून बसले. त्या नळीनं पाणी काढायचं तर आधी तोंड लावून ओढावं लागतं, दुसरा उपाय नाही. त्यांनी ते टोक तोंडात धरलं आणि ओढलं. माशांचं ते कुजकं पाणी त्यांच्या तोंडात गेलं, ठसका लागला, आणि नळी बादलीत सोडून ते थुंकत राहिले. पाणी बादलीत पडू लागलं.

दादा दारात उभा होता. त्याचे डोळे भरले होते, पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं, माझ्यासारखंच. "कसं लागते, बाबा?" त्यानं विचारलं. "पेट्रोल होय का पाणी?"

बाबांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. लेकाकडे पाहायला त्यांना जरा वेळ लागला.

"पाणी होय गा," ते म्हणाले. "पाणीच होतं."